'कोलंबसाचे गर्वगीत' आता कसं वाचायचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: कुसुमाग्रजांची 'कोलंबसाचे गर्वगीत' शाळेत तोंडपाठ होती, वक्तृत्व स्पर्धेत नाहीतर निरोप समारंभात शेवटच्या दोन ओळी, 'अनंत अमुची ध्येयासक्ती, अनंत अन् आशा, किनारा तुला पामराला', म्हटल्या की टाळ्या पडायच्याच, पण कोलंबसानं पुढे काय काय केलं ते वाचल्यावर आता तीच कविता म्हणताना जीभ अडखळते. परीक्षेला विषय आहे 'शोधाची धुंदी आणि बदलते दृष्टिकोन', तर ही कविता ध्येयवेड्या माणसाची म्हणून लिहायची का एका आक्रमकाचं कौतुक म्हणून?

मी ही कविता वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आलेय, अकरावीच्या पोरांनाही आणि एमएच्या वर्गालाही, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते. माझं मत आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना धागा सुटणार नाही. या कवितेत बोलणारा माणूस बोटीवर उभा आहे आणि किनारा अजून दिसलेला नाही. एवढं एक घट्ट धरून ठेवा. कवितेचं सगळं बळ त्या जागेवरून येतं, आणि कवितेला जे दिसत नाही तेही त्याच जागेमुळे दिसत नाही.

आणि हे भाषण कुसुमाग्रजांचं नाही, कोलंबसाच्या तोंडचं आहे. शीर्षकातच तसं लिहिलंय तरी गाईडमध्ये सर्रास 'कवी म्हणतो की हे समुद्रा' असं छापलेलं असतं. पुढे 'नटसम्राट' लिहिणारा माणूस आहे हा, एखाद्या पात्राला त्याच्या ऐन भरात बोलायला लावायचं आणि आपण बाजूला उभं राहायचं ही कला त्याला तरुणपणीच येत होती. त्या नाटकातल्या बेलवलकरांचं प्रत्येक वाक्य शिरवाडकरांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचंच, मत म्हणून आपण घेत नाही ना, मग इथेही घेऊ नका.

आता कविता उघडा आणि कोण कोणाशी बोलतंय एवढंच पेन्सिलीनं मार्क करत जा. नऊ कडवी आहेत. पहिल्यात तो थेट समुद्राशी बोलतो, 'हजार जिव्हा तुझ्या गर्जु दे'. दुसऱ्यात आकाशातले दैत्य येतात, ताम्रसुरा पिऊन मातलेले, आणि त्यांची अधिराणी हातात पलिता घेऊन. तिसऱ्यात त्याला वाटतं की स्वर्गातून कोसळलेला सैतानच सूड घ्यायला वेताळांचा मेळा जमवून या दर्यावर नाचतोय, आणि चौथ्यात तो त्या सैतानालाच 'पदच्युता' अशी हाक मारतो. म्हणजे चार कडव्यांत समोरचा शत्रू दोनदा बदलला, समुद्र, मग दैत्य, मग सैतान. वादळात सापडलेल्या माणसाला नक्की कशाशी लढतोय ते कळत नाही, तो एकेक नाव देऊन बघतो. पण एक गोष्ट तिसरं कडवं सोडलं तर बाकी तिन्हींत तीच राहते, ते सारखं येणारं 'दे': गर्जु दे, डळमळू दे, ढळू दे, मातु दे, फुटु दे. वादळ तर चालूच आहे, ते काही याच्या परवानगीसाठी थांबलेलं नाही. जे आपल्याला थांबवताच येत नाही त्याला 'होऊ दे' म्हणायचं आणि त्यातून आपणच परवानगी देतोय असा आव आणायचा, ही धुंद माणसाची खूण आहे. शौर्य यात आहेच, मी ते नाकारत नाही, पण जगाकडे बघायची त्याची पद्धतही इथेच ठरून जाते: जे काही समोर येईल ते माझ्या प्रवासाचा भाग. समुद्रही, नंतर माणसंही.

सैतानाच्या कडव्यापाशी मी वर्गात थांबतेच. ख्रिस्ती परंपरेत सैतान स्वर्गातून पडला तो गर्वामुळे. आणि ही कविता आहे गर्वगीत, शेवटच्या कडव्यात शिडंसुद्धा 'गर्वाने वरती' उभारायची आहेत. म्हणजे बोलणारा ज्याला पदच्युत म्हणून हिणवतोय त्याच्याच पापाचं गाणं स्वतः गातोय, आणि त्याला ते जाणवलेलंही नाही. कवीनं हे मुद्दाम केलं का हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण कवितेत ते आहे. एकदा दिसलं की ही कविता नुसतं स्फूर्तिगीत राहत नाही, तिच्या पायाखाली एक फट दिसायला लागते.

इतिहासाचा मुद्दा इथेच घेऊ, कारण बरेच जण इतिहास आणि कविता यांची दोन वेगळी पॅकेट करतात आणि उत्तर पचकं होतं. कोलंबस ३ ऑगस्ट १४९२ ला स्पेनमधल्या पालोसहून तीन जहाजं आणि नव्वदेक माणसं घेऊन निघाला, ६ सप्टेंबरला कॅनरी बेटं सोडली आणि १२ ऑक्टोबरला बहामातल्या ग्वानाहानी बेटावर उतरला. त्याची मूळ रोजनिशी हरवली, आपल्या हातात आहे तो बार्तोलोमे दे लास कासासनं केलेला गोषवारा, म्हणजे पुढे ज्यानं स्थानिक लोकांवरच्या अत्याचारांविरुद्ध आयुष्यभर लिहिलं त्याच माणसाच्या हातून कोलंबसाचा आवाज आपल्यापर्यंत आलाय. त्या गोषवाऱ्यात १३ सप्टेंबरला नोंद आहे की होकायंत्राची सुई ध्रुवताऱ्यापासून सरकलेली दिसली, आणि चार दिवसांनी सुकाणूवाले त्यावरून घाबरले. १५ तारखेला रात्री आकाशातून आगीचा लोळ समुद्रात पडताना दिसला. आता कवितेतलं 'ढळु दे दिशाकोन सारे' आणि उल्का तुटायची ओळ वाचा. कुसुमाग्रजांनी ती रोजनिशी वाचली होती असा माझा दावा नाही, पण त्या प्रवासाची भीती नेमकी कुठे होती ते कवितेनं बरोबर पकडलंय, ज्याच्या भरवशावर निघालो तीच दिशा हलायला लागली.

पण जातानाच्या प्रवासात मोठं वादळ झालंच नव्हतं! हवा छान होती, उलट खलाशांची तक्रार अशी की वारा सारखा पश्चिमेकडेच ढकलतोय, मग स्पेनला परत न्यायला वारा मिळणार कुठून. खरं भयंकर वादळ लागलं ते परतताना, फेब्रुवारी १४९३ मध्ये अझोर्स बेटांच्या आसपास. त्या वादळात खऱ्या कोलंबसानं काय केलं ते बघण्यासारखं आहे. बोटीवर जितकी माणसं तितके हरभरे मोजून घेतले, एका हरभऱ्यावर सुरीनं क्रूस कोरला, सगळे टोपीत टाकले, ज्याच्या हातात तो येईल त्यानं ग्वादालुपेच्या मेरीमातेला मेणबत्ती घेऊन यात्रेला जायचं असा नवस. पहिला हात कोलंबसानं घातला आणि क्रूसवाला हरभरा त्यालाच आला. मग आपण बुडालो तर शोधाची बातमीच बुडेल या धास्तीनं त्यानं सगळी हकिगत चामड्याच्या कागदावर लिहिली, मेणकापडात गुंडाळली, पिंपात घातली आणि पिंप समुद्रात सोडलं. कवितेतला कोलंबस 'नाविका ना कुठली भीती' म्हणतो, खरा कोलंबस टोपीत हात घालून हरभरा काढत होता. मला तर खराच जास्त जवळचा वाटतो. पण यावरून कविता खोटी ठरवू नका, कवितेनं त्या माणसाच्या मनातली एकच गोष्ट घेतली, मागे न फिरण्याचा हट्ट, आणि तिला शोभेल एवढं मोठं वादळ उभं केलं.

आता पाचवं कडवं. 'सहकाऱ्यांनो, का ही खंत'. मी वर्गात पोरांना कविता मोठ्यानं वाचायला लावते, पहिली चार कडवी सगळेच ओरडून वाचतात, आणि त्याच आवाजात पाचव्यात घुसतात. तिथे मी थांबवते आणि म्हणते, आता समुद्राकडे पाठ करा, मागे वळा, तुमच्यासमोर नव्वद माणसं आहेत, महिनाभर जमीन दिसली नाहीये, कोणी तोंड पाडून बसलंय, कोणी तुमच्याकडे बघतही नाही, आता बोला. आवाज आपोआप खाली येतो. आणि एखाद्या मुलीच्या तोंडून 'का ही खंत' असं येतं की वर्ग गप्प होतो, कारण तिथे पहिल्यांदा कळतं की या कवितेत दुसरी माणसंही आहेत. ती बोलत नाहीत. पण 'तारू परताया मागे लोटलंय का' असं तो विचारतो त्या अर्थी कोणीतरी 'परत फिरू या' म्हटलंच असणार. त्यांचं वाक्य कवितेत नाही, त्याला दिलेलं उत्तर तेवढं आहे. दृष्टिकोनाबद्दल लिहायचंय ना, हाच धागा पकडा: कोणाचा आवाज ऐकू येतोय आणि कोणाचा नुसता अंदाज करावा लागतोय.

इतिहासात ते वाक्य बोललं गेलंय. १० ऑक्टोबरच्या नोंदीत आहे की आता माणसांना सहन होईना, लांबलेल्या प्रवासाची कुरकुर सुरू झाली. कोलंबसानं त्यांना पुढे मिळणाऱ्या फायद्याची आशा दाखवली आणि वर सांगितलं की तक्रार करून उपयोग नाही, मी इंडीजला, म्हणजे पूर्वेकडच्या मुलखात, जायला निघालोय आणि ते सापडेपर्यंत जाणार. शिवाय ९ सप्टेंबरपासून तो रोजचं अंतर दोन प्रकारे मांडत होता, स्वतःला वाटे ते खरं आणि माणसांना सांगायचं ते कमी, म्हणजे घर फार लांब राहिलं असं त्यांना वाटू नये. कवितेतला कोलंबस जळसमाधीची भाषा बोलतो, 'कशासाठी जपावे पराभूत प्राणा' विचारतो. प्रश्न फार सुंदर आहे, पण तो विचारताना तो फक्त स्वतःचा प्राण पणाला लावत नाहीये, त्या गप्प बसलेल्यांचाही लावतोय. 'आपुला बाणा' म्हणताना तो 'आपुला' कोणी ठरवला?

याच प्रकारचं भाषण युरोपियन कवितेत आधीपासून आहे, आणि तुलना केली तर मार्क वाढतील म्हणून नाही, खरंच उपयोग होतो म्हणून सांगते. इटालियन कवी दान्तेच्या 'इन्फर्नो'मध्ये, म्हणजे नरकाच्या काव्यात, सव्विसाव्या सर्गात ग्रीक कथांतला दर्यावर्दी युलिसिस भेटतो, तोही म्हाताऱ्या सोबत्यांना असंच छोटं, पेटवणारं भाषण देऊन माहीत असलेल्या जगापलीकडे नेतो, आणि एक पर्वत दिसतो न दिसतो तोच वावटळ येऊन जहाज बुडतं. दान्तेनं त्याला नरकात ठेवलंय, ज्वाळेच्या आत. इंग्रज कवी टेनिसननं तोच माणूस १८३३ मध्ये घेतला, जिवलग मित्राच्या मृत्यूनंतर, आणि त्याच्या निघण्याला उदात्त केलं, ती कविता छापून आली १८४२ ला, आपली कविता ज्यात आहे त्या 'विशाखा' संग्रहाच्या बरोबर शंभर वर्षं आधी. आणि अमेरिकन कवी व्हिटमननं १८७४ मध्ये स्वतः कोलंबसच घेतला, पण जमैकाच्या किनाऱ्यावर अडकलेला, म्हातारा, आजारी, देवाशी बोलणारा, तिथे गर्वाचा मागमूस नाही. भाषण एकच, माणूसही जवळपास एकच, पण एकानं त्याला ज्वाळेत ठेवून ऐकलं, दुसऱ्यानं निघायच्या क्षणी, तिसऱ्यानं सगळं संपल्यावर. कुसुमाग्रजांनी ऐन वादळात ऐकलं.

सातव्या कडव्याचं मी समर्थन करत नाही. कोट्यवधी जिवाणू गवताच्या पात्यांसारखे जगतात आणि मरतात, आम्ही नाविक मात्र सात नभांखाली फिरतो आणि नवी क्षितिजं निर्माण करतो, असा त्याचा आशय. वर्गात कोणीतरी लगेच म्हणतं की हे तर सामान्य माणसाला कमी लेखणं झालं. झालंच. त्यावर सारवासारव करू नका. धुंदीत असलेल्या माणसाला बाकीची दुनिया गवतासारखीच दिसते, आणि ज्याला कोटी माणसं गवत वाटली तो उद्या एखाद्या बेटावर उतरला की तिथली माणसं त्याला कशी दिसणार हे कवितेनं नकळत आधीच सांगून ठेवलंय. १४ ऑक्टोबरला, म्हणजे उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी, खऱ्या कोलंबसानं लिहिलं होतं की ५० माणसं असली तर या सगळ्यांना ताब्यात ठेवून हवं ते करून घेता येईल.

आठव्यात 'मार्ग आमुचा रोधू न शकती ना धन, ना दारा' येतं, दारा म्हणजे बायको, आणि घराला वीतभर कारा, म्हणजे तुरुंग, म्हटलंय. धनाचं म्हणाल तर निघण्यापूर्वीच, १७ एप्रिल १४९२ ला, सांता फे इथे राजा-राणीबरोबर लेखी करार झाला होता, मिळकतीचा दहावा हिस्सा, दर्यासारंगाची पदवी, सापडेल त्या मुलखाचं राज्यपालपद. पण या कडव्यातला खरा पेच त्याच्या शेवटच्या दोन ओळींत आहे, 'मानवतेचे निशाण मिरवू महासागरात, जिंकुनि खंड खंड सारा'. मानवतेचं निशाण आणि खंड जिंकणं, एकाच श्वासात. १२ ऑक्टोबरला किनाऱ्यावर जी निशाणं उतरली त्यांत एक राजाचं होतं आणि दोन हिरव्या क्रुसाची, क्रुसाच्या एका बाजूला एफ आणि दुसऱ्या बाजूला वाय, फर्नांदो आणि इसाबेल यांची आद्याक्षरं, प्रत्येक अक्षरावर मुकुट. मानवतेचं निशाण असं त्या वाळूवर रोवलं गेलं नव्हतं. पण मानवता दिसली नाही असंही नाही, ती दुसरीकडून दिसली. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री कोलंबसाचं मुख्य जहाज 'सांता मारिया' आजच्या हैतीच्या उत्तर किनाऱ्याजवळ वाळूवर चढून फुटली. वादळात नाही, अगदी शांत समुद्रात, सुकाणू एका पोराच्या हातात देऊन सगळे झोपले होते. तेव्हा तिथला प्रमुख ग्वाकानागारी यानं आपली माणसं आणि मोठ्या होड्या पाठवून सगळा माल उतरवून घेतला, राखण ठेवली, आणि बारीकशी वस्तूसुद्धा गहाळ झाली नाही असं त्या रोजनिशीतच लिहिलंय. किनाऱ्यावरची माणसं अशी होती. आणि फेब्रुवारी १४९५ मध्ये त्याच बेटावरून ५०० च्या वर माणसं गुलाम म्हणून स्पेनला जाणाऱ्या जहाजांत भरली गेली, त्यातली सुमारे २०० वाटेत मेली आणि त्यांची प्रेतं समुद्रात टाकली गेली.

एवढं वाचून झाल्यावर 'किनारा तुला पामराला' ही ओळ पुन्हा म्हणून बघा. कवितेत किनारा म्हणजे फक्त मर्यादा आहे, समुद्राला हिणवायला वापरलेली. तिथे कोणी राहत नाही. बोटीवरून बघितलं की किनारा तसाच दिसतो, ओसाड रेघ.

आता तुम्ही म्हणाल मग कुसुमाग्रजांनी या माणसाला निवडलंच कशाला. काळ आठवा. 'विशाखा' आला १९४२ ला, वि. स. खांडेकरांच्या पुढाकारानं. त्यात 'क्रांतीचा जयजयकार' आहे. त्याआधी दहा वर्षं हाच तरुण नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात उतरला होता. म्हणजे कोणाच्या पायाखाली कोण चिरडलं जातं याची जाण नसलेला हा कवी नव्हे. गुलाम देशातल्या वाचकाला तेव्हा हवं होतं ते 'परत फिरायचं नाही' हे पोलाद, आणि ते त्याला कोलंबसाच्या तोंडून मिळालं. तुरुंगात जाणाऱ्या पोरानं 'घराची वीतभर कारा' म्हटलं असेल तेव्हा त्या ओळीचा अर्थ किती वेगळा झाला असेल बघा. आणि गंमत वाटण्यापेक्षा अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की कोलंबस शोधत होता तो पूर्वेकडचा मुलूख, इंडीज, म्हणजे त्या नकाशावर आपणही किनाऱ्याच्याच बाजूला होतो. तो चुकला, पण १४९८ ला वास्को द गामा कालिकतला पोचला आणि १५१० ला पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं गोवा घेतला, मग चौल, मग वसई. 'चला उभारा शुभ्र शिडे' हे बोटीवरून ऐकताना छाती फुगते, पण कोकणातल्या माणसानं ती शिडं पहिल्यांदा बघितली ती किनाऱ्यावरून. मराठी वाचक म्हणून आपल्याला या कवितेत दोन्ही जागा आहेत, आणि त्यामुळे आपण ती अमेरिकन किंवा स्पॅनिश वाचकापेक्षा जास्त चांगली वाचू शकतो असं मला मनापासून वाटतं.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. किनाऱ्याची बाजू कुठून आणायची असं विचारतात, तर ती बाहेरून आणायची गरजच नाही, ती त्याच 'विशाखा'त आहे. 'आगगाडी आणि जमीन' काढा. आपण ती शाळेत यंत्र विरुद्ध निसर्ग म्हणून नाहीतर मालक विरुद्ध मजूर म्हणून शिकलो, ते बरोबरच आहे, पण आता गर्वगीताच्या शेजारी ठेवून वाचा. जमीन विनवते की तू मजेत वरून धावतेस आणि खाली मी चुरून चाललेय. गाडी माजून उत्तर देते, 'जगावे जगात कशाला भेकड'. कोलंबस काय म्हणाला होता? 'कशासाठी जपावे पराभूत प्राणा'. गाडी आपल्या चाकांना हुकूम सोडते 'चला रे चक्रांनो', कोलंबस खलाशांना सांगतो 'चला उभारा शुभ्र शिडे'. गाडी गर्वात शीळ फुंकते, शिडं गर्वानं वर जातात. गाडी मैलांचं अंतर घोटात गिळते, कोलंबस खंड खंड जिंकणार. भाषा जवळपास तीच आहे! फरक एकच, की दुसऱ्या कवितेत आपण खालून ऐकतो, चाकाखालून, आणि तिथून ऐकलं की तेच शब्द उद्दाम वाटतात. शेवटी जमीन थरारते, पूल दरीत कोसळतो आणि गाडीची शकलं होतात. एकाच कवीनं, एकाच पुस्तकात, पुढे झेपावणाऱ्याचं भाषण दोनदा लिहिलं, एकदा त्याच्या छातीतून आणि एकदा त्याच्या टाचेखालून. बदलता दृष्टिकोन म्हणून यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही, आणि ही तुलना विद्यार्थ्यांच्या उत्तरात क्वचितच सापडते म्हणून इतकं सांगतेय.

जमलं तर 'पृथ्वीचे प्रेमगीत'सुद्धा डोळ्यांखालून घाला, तीही 'विशाखा'तलीच. तिथेही ध्यास आहे, पृथ्वीला सूर्याचा, युगानुयुगांचा, पण तिथे जिंकणं नाही. तिला सूर्य मिळणार नाही हे माहीत आहे, आणि दुबळ्यांच्या क्षुद्र शृंगारापेक्षा तुझी दूरता बरी असं ती म्हणते. म्हणजे ध्यास म्हणजे ताबा असलंच पाहिजे असं या कवीचं म्हणणं नाही.

धुंदीबद्दल अजून एक गोष्ट उत्तरात टाका, कारण कविता जिथे थांबते तिच्या पुढचा कोलंबस 'अनंत ध्येयासक्ती'चं खरं चित्र आहे. त्याचं गणितच चुकलेलं होतं, कॅनरी बेटांपासून जपान त्याच्या हिशेबानं सुमारे २४०० सागरी मैल, प्रत्यक्षात चौपटीहून जास्त. मधे अख्खे खंड निघाले म्हणून वाचला. पण तो ते मान्यच करेना. १२ जून १४९४ ला क्यूबाच्या किनाऱ्यालगत त्यानं आपल्या खलाशांकडून नोटरीसमोर शपथ घेतली की हे बेट नसून आशियाची मुख्य भूमी आहे, आणि जो पुढे वेगळं बोलेल त्याला १०,००० माराव्हेदी (तेव्हाचं स्पॅनिश चलन) दंड आणि जीभ कापायची शिक्षा. पहिल्या कडव्यात 'हजार जिव्हा गर्जु दे' म्हणणारा माणूस आणि हा. १५०६ ला मेला तोवर त्यानं आशिया सापडल्याचा हेका सोडला नाही. ज्याला क्षितिजं निर्माण करायची होती त्याला पायाखालची जमीन दिसली नाही, कारण त्याला जे हवं होतं ते ती नव्हती. ध्यासाचं हे रूप कवितेत थेट नाही, पण 'दिशांचे आम्हांला धाम' असं म्हणणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष एखादं ठिकाण लागल्यावर काय करायचं हेच कळणार नाही, एवढं कवितेतूनही निघतं.

लिहिताना काही गोष्टी टाळा. 'कवीला कोलंबसाचे अत्याचार माहीत नव्हते' असं ठोकून देऊ नका, आपल्याकडे त्याचा पुरावा नाही. समुद्र म्हणजे जीवनातल्या अडचणी हे एका वाक्यात उरका, ते चूक नाही पण सगळ्यांनी लिहिलेलं असतं. २०२० मध्ये अमेरिकेत कोलंबसाचे पुतळे पाडले, काहींचं शिर उडवलं, ते एका ओळीत सांगा, दृष्टिकोन जगभर बदललाय एवढ्यापुरतं, त्यावर पान भरवू नका, तुमचं उत्तर कवितेवर आहे. आणि 'कविता आज कालबाह्य झाली' असं तर अजिबात लिहू नका. मी आजही वर्गात ती शिकवते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, सगळं माहीत असून येतो, आणि तो काटा खोटा आहे असं मी मानत नाही. मोठी कविता म्हणजे जिच्याबद्दल सगळं कळल्यावरही ती आपल्याला हलवते आणि त्याच वेळी आपल्याला स्वतःच्या त्या हलण्याकडे बघायला लावते.

शेवटच्या कडव्याचं एक बघायचं राहिलं. शेवटच्या दोन ओळी अवतरणचिन्हांत आहेत. तो स्वतः समुद्राला ते सांगत नाही, खलाशांना सांगतो की 'कथा या खुळ्या सागराला', तुम्ही सांगा त्याला. पहिल्या कडव्यात तो एकटा समुद्राशी बोलत होता, शेवटी तेच बोलणं तो नव्वद जणांच्या तोंडी देतो आणि त्यात 'अमुची' घालतो. ज्यांची खंत घालवायला तो चार कडवी बोलत राहिला त्यांनी ते म्हटलं का, हे कविता सांगत नाही, ती तिथेच संपते. तुमच्या उत्तराचा शेवटचा परिच्छेद मी तुमच्या जागी असते तर यावर लिहिला असता, त्या खलाशांवर, आणि त्याआधीचा 'आगगाडी आणि जमीन'वर.